धुरींचं नाक

लग्नाचं बोलायला प्रसाद मला पहिल्यांदा कांजूरमार्गच्या घरी घेऊन गेला, तेव्हा आमच्या सासऱ्यांनी मला पाहिलं नाही, माझा वास घेतला. मी दारात चप्पल काढत होते. ते समोर उभे, हनुवटी वर, डोळे अर्धवट मिटलेले. "हिंग," ते म्हणाले. "चंदनाचा साबण. आणि तार जळल्याचो वास. ह्या पोरीक शॉक बसलो काय?" मी साकीनाक्याला कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका गाळ्यात काम करते आणि त्या दिवशी सोल्डरिंग आटपून थेट तिथे गेले होते. म्हणजे त्यांचं बरोबर होतं. पण म्हणून काय झालं? विलेपार्ल्याला आमच्या घरी आलेल्या माणसाला आधी पाणी विचारतात. मला असा काही राग आला की मी पटकन म्हटलं, "आणि तुमच्या अंगाला धुराचा वास येतोय." प्रसादने कपाळावर हात मारला. सासरे हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "येतलोच," ते म्हणाले, "मी धुरी आसंय."

धुरी हे त्यांचं आडनाव. पण आमच्या बैठ्या घरांच्या गल्लीत अर्ध्या लोकांना ते टोपणनाव वाटायचं, कारण निवृत्त झाल्यापासून हा माणूस मांसाला धुरी देण्यापलीकडे काही करत नव्हता. अंधेरीच्या एका मोठ्या हॉटेलात ते मांस कापायच्या आणि मुरवायच्या विभागात नोकरीला होते. तिथे धुरावर कोंबडी शिजवायचं एक विजेचं कपाट होतं. स्टीलचं, छातीइतकं उंच, तळाशी हीटरची कॉईल, तिच्यावर लाकडाच्या ढलप्यांचा ट्रे आणि वर मांस टांगायच्या सळ्या. हॉटेलने नवं घेतल्यावर जुनं भंगारात निघालं, आणि बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ते भंगारवाल्याच्या हातगाडीवरून परस्पर घरी वळवलं. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते उभं राहिलं. सासूबाईंनी त्या कपाटाशी बरेच दिवस अबोला धरला होता, असं प्रसाद सांगतो.

राग नाकावर असणं हा वाक्प्रचार मी शाळेत शिकले, त्याचा अर्थ मात्र सासरी कळला. बाबांचा सगळा राग नाकातूनच आत जायचा. प्रसाद सिगरेट ओढून, वर मूठभर बडीशेप चावून गल्लीच्या तोंडाशी पोचला की आतून आरोळी यायची, "थयच रव!" फ्रिजमध्ये दोन दिवसांची आमटी मागे ढकललेली असली तर दार उघडायच्या आधी त्यांना कळायचं. वारा कचऱ्याच्या डंपिंग ग्राउंडकडून फिरला की विचारूच नका. अख्खी गल्ली नाक दाबून खिडक्या लावून घ्यायची आणि बाबा मुद्दाम ओट्यावर जाऊन उभे राहायचे. त्या वासातला एकेक घटक ओळखून ते त्याला स्वतंत्र शिवी घालायचे. "आज कोबी कुसलो हा. आज रबर जाळल्यानी हा. मेल्यांनो, खय फेडशात!" दुर्गंधीला इतक्या आपलेपणाने शिव्या घालणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आमची भांडणं रोजची होती. मी शाकाहारी, आणि लग्नानंतरही तशीच राहिले. बाबांनी त्याबद्दल कधी जोर केला नाही, पण टोमणा मारायची संधीही कधी सोडली नाही. मीही गप्प बसणारी नव्हते. प्रसाद भांडण सुरू झालं की मोबाईल घेऊन बाहेर जायचा. बँकेतली नोकरी, शांत स्वभाव, "यार, तुम्ही दोघं बघून घ्या ना" हे त्याचं कायमचं उत्तर. सासूबाई गेल्यावर तर घरात भांडायला आम्ही दोघंच उरलो, आणि खरं सांगायचं तर त्या भांडणांवरच घर चालू राहिलं.

भांडणाचा ठरलेला विषय म्हणजे ते कपाट. त्याचा थर्मोस्टॅट जुना, गोल बटणाचा. ठरलेल्या तापमानाच्या बराच वर जाऊन तो बंद व्हायचा आणि बराच खाली आल्यावर परत चालू व्हायचा. त्यामुळे आतली कोंबडी कधी भाजून निघायची, कधी नुसती कोमट बसून राहायची. हे सावरायचं काम बाबांचं नाक करायचं. ते शेडमध्ये स्टुलावर डोळे मिटून बसत आणि वासावरून दार किलकिलं करत, बटण फिरवत, ढलप्यांवर पाणी शिंपडत. वासाला त्यांनी नावं दिली होती. आधी ओला वास, मग चुलीचा, मग लग्नाचा, आणि सगळ्यात शेवटी खमंग. खमंग आला की बटण बंद, दार सताड उघडं. त्यानंतर एक मिनिट जास्त नाही.

मी एकदा विचारलं, "लग्नाचा वास म्हणजे नक्की कसा?"

"लग्नात जेवक जातंस मा?"

"आमच्या लग्नात जिलबी आणि मठ्ठा असतो, बाबा."

"मगे तुमची लग्ना लागतत कशी?" असं म्हणून त्यांनी पाठ फिरवली.

मी गाळ्यात करते ते कामच मुळी हे. भट्ट्यांना, ओव्हनना नेमका कंट्रोलर बसवून देणं. आत एक सेन्सर तापमान सतत मोजत राहतो आणि कंट्रोलर हीटरला लागेल तेवढीच वीज थोडी थोडी सोडतो. धावत सुटणंही नाही आणि थंड पडणंही नाही. हे मी त्यांना समजावून सांगितलं, चित्र काढून दाखवलं, इतकंही म्हटलं की हा कंट्रोलर एकदा चालवला की तुमच्या कपाटाचा स्वभाव स्वतःच शिकून घेतो. "शिकता?" बाबा म्हणाले. "कोणाकडसून शिकता? तुझ्या त्या डब्याक नाक आसा?" मी नाही म्हटलं. "मगे माका सांगू नको." विषय संपला. माझ्या कामाला कुणी डबा म्हटलेलं मला अजिबात खपत नाही, म्हणून पुढचे काही दिवस मी त्यांच्या कोंबडीला 'मढं' म्हणत होते.

मग तो ताप आला, जो तेव्हा सगळ्यांच्याच घरी आला. आम्ही तिघंही एकापाठोपाठ पडलो आणि तिघांचाही वास गेला. मी कॉफीच्या डब्यात नाक खुपसून रडल्याचं आठवतंय. काही आठवड्यांनी प्रसादचा वास परत आला, मग माझा. बाबा म्हणाले, माझा तर तुमच्या आधीच इलो. त्यांनी ते इतक्या तोऱ्यात सांगितलं की आम्ही विश्वास ठेवला. न ठेवायला कारणच नव्हतं. ते नाक दगा देईल असं आमच्या घरात कुणाला वाटणंच शक्य नव्हतं.

एका संध्याकाळी वारा डंपिंगकडून फिरला. त्या दिवसाइतका घाण वास मी नंतरही कधी घेतलेला नाही. धडाधड खिडक्या लागल्या, समोरच्या वहिनी पदर नाकाला लावून वाळत घातलेले कपडे ओढत होत्या. मी बाबांच्या शिव्यांची वाट पाहत स्वयंपाकघरात उभी होते. काहीच ऐकू आलं नाही. बाहेर येऊन बघते तर बाबा उघड्या दारात खुर्ची टाकून निवांत पेपर वाचतायत. माझी चाहूल लागल्यावर त्यांनी मान वर करून विचारलं, "चाय करतंस?" त्यांच्या चेहऱ्यावर आठी नव्हती.

मी आत जाऊन चहा टाकला. ओळखीचे लोक बाबांकडून धुरी दिलेली कोंबडी करून घ्यायचे, आणि पुढच्या रविवारी अशीच एक ऑर्डर होती. आदल्या दुपारी आमच्या गल्लीतली वीज गेली होती आणि फ्रिज बराच वेळ बंद होता. सकाळी मी शेडच्या दारात गेले आणि तिथेच मला उमासा आला. मांस उतरलं होतं. मी आयुष्यात मांस खाल्लेलं नाही, तरी तो वास ओळखायला मला कुणाची गरज लागली नाही. बाबा मात्र त्याच मांसाला हळद, मीठ आणि लसूण चोळत होते, मन लावून, तोंडाने गुणगुणत.

"बाबा, ते खराब झालंय."

"तुका काय कळता गो? शाकाहारी तू."

मी परात उचलली, मागच्या बाजूला नेली आणि सगळं कचऱ्याच्या पिशवीत ओतलं. बाबांनी जो आवाज चढवला तो गल्लीच्या टोकाला गेला असेल. मस्तवाल म्हणाले, अन्नाचा अपमान म्हणाले, बापाच्या घरी शिकवला नाय काय म्हणाले. मग माझंही डोकं फिरलं. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "माझ्या हाताला लसूण लागलाय की हिंग, ते सांगा. फक्त एवढं सांगा, मी आत्ता सगळ्यांसमोर तुमची माफी मागते." आणि हात त्यांच्या नाकासमोर धरला. ते माझ्या हाताकडे बघत राहिले. मग स्टुलावर बसले आणि म्हणाले, "नाय येत. कायच येत नाय."

आणि ह्यानंतर मला त्यांची कीव यायला हवी होती, नाही का? नाही आली. मला संताप आला. इतके महिने हा माणूस आमच्याशी खोटं बोलत होता. उद्या कुणाला विषबाधा झाली असती म्हणजे? स्वतःच्या घरात, स्वतःच्या माणसांपासून लपवायचं? मी त्यांना ओढत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने टॉर्च मारून नाकात पाहिलं आणि म्हणाला, ह्या वयात आता काय करायचाय वास, जेवण जातंय ना? त्या डॉक्टरवर मी त्याच्या दवाखान्यात जे तोंड सोडलं, ते ऐकून बाबांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं. रिक्षात ते एवढंच म्हणाले, "ह्या कोणाक सांगू नको. प्रसादाकव नाय."

"का? काय लाज आहे त्यात?"

"नाक गेला म्हणान सांगलंय, तर उद्या माझ्या हातचा कोण खातलो?"

मी म्हटलं, सांगत नाही, पण माझी एक अट आहे. कपाटाला कंट्रोलर बसणार. बाबा रस्त्याकडे बघत बसले. हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत, आणि त्यांच्याकडून एवढंच मिळणार हे मला ठाऊक होतं.

मी जुना थर्मोस्टॅट काढला, हीटरची वायर नव्या स्विचमधून घेतली, सळ्यांच्या उंचीवर सेन्सर बसवला. प्रसादला सांगितलं, गाळ्यातला एक नमुना घरी तपासतेय. त्याने मान हलवली. पहिल्याच दिवशी तापमान असं जाग्यावर बसलं की मला स्वतःचाच अभिमान वाटला. कंट्रोलरवरचा वरचा, मोजलेला आकडा आणि खालचा, ठरवलेला आकडा जुळे भाऊ झाले. मी बाबांना हाक मारली. त्यांनी आकड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, कपाटाच्या चिमणीकडे पाहिलं.

"धूर खय गेलो?"

धूर नव्हताच. पूर्वी कॉईल लालबुंद होईपर्यंत तापायची आणि तिच्यावरच्या ढलप्या धुमसायच्या. आता कंट्रोलर तिला चिमटीने वीज देत होता, ती कधी एवढी तापतच नव्हती, आणि ढलप्या ट्रेमध्ये कोऱ्या करकरीत पडून होत्या. माझ्या नेमकेपणाने धूरच मारला होता. बाबांना इतका आनंद झालेला मी तापानंतर पहिल्यांदा पाहिला. "बघितलंस! धुरीच्या घरात धूर नाय!" ते गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले. मी पाना आपटला. ते म्हणाले, आपट, अजून आपट. त्या दिवशी आम्ही एकमेकांना वाट्टेल ते बोललो. मी त्यांना हट्टी म्हातारा म्हटलं, त्यांनी मला कॅल्क्युलेटर म्हटलं.

मग चहा झाला आणि बोलता बोलता बाबा गावच्या घराकडे गेले. पावसाळ्यात शिकारीचं मटण चुलीच्या बरंच वर, माळ्याला टांगलेलं असायचं. खाली चुलीत नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, धुमसायची. जाळ मटणाला कधी लागायचा नाही, फक्त धूर लागायचा. हे सांगता सांगता ते थांबले. मीही थांबले. दोघांच्या डोक्यात एकच गोष्ट एकाच वेळी आली आणि ती आधी कोणाला सुचली यावर आम्ही पुढे अनेकदा भांडलो. ऊब वेगळी आणि धूर वेगळा. ऊब कंट्रोलरने सांभाळायची आणि धुरासाठी कपाटाच्या तळाशी पत्र्याचा एक भोकं पाडलेला डबा, त्यात निखारा आणि नारळाची सोडणं. हा डबा त्यांनी स्वतः ठोकून बनवला. माझ्या डब्याला हिणवणाऱ्या माणसाने शेवटी स्वतः डबाच बनवला, हे मी त्यांना बोलून दाखवलंच.

धूर परत आला. पण कोंबडी कुठल्या आकड्याला काढायची, ते कोण सांगणार? बाबांना आकडे ठाऊक नव्हते, वास ठाऊक होते, आणि आता वासही घेता येत नव्हता. तेव्हा ठरलं की नाक माझं आणि डोकं त्यांचं. मी, जिने अंडंसुद्धा कधी फोडलं नाही, ती पार्ल्याची बाई चिमणीला नाक लावून उभी राहायचे आणि वास येईल तसा सांगायचे. बाबा स्टुलावर डोळे मिटून ऐकायचे. कोंबडीच्या मांडीत एक वेगळा सेन्सर खुपसलेला. ते म्हणतील त्या क्षणाचा आकडा आम्ही पकडणार होतो.

पहिल्या दिवशी थोड्या वेळाने लसणीचा आणि धुराचा असा सुरेख वास आला की माझ्या तोंडून गेलं, "बाबा, काय खमंग वास सुटलाय!"

बाबा ताडकन उठले. बटण बंद, दार सताड उघडं. कोंबडी बाहेर काढून त्यांनी मांडी कापली, तर हाडापाशी लालभडक, कच्ची.

"ह्या खमंग?"

"मग काय तर! फोडणी बसल्यासारखा छान वास येतोय."

"फोडणी म्हणजे सुरवात गो! खमंग म्हणजे शेवट! खमंग इल्यार जेवण संपला, पाना मांडूची!"

"आमच्याकडे नाही तसं. आमच्याकडे खमंग काकडी करतात."

"काकडी?" बाबांच्या हातातली सुरी तशीच राहिली. "काकडी भाजतत?"

"भाजत नाहीत. कच्चीच असते. चोचवायची, दाण्याचं कूट, वर तुपाची फोडणी."

बाबा माझ्याकडे असे बघत राहिले जणू मी त्यांच्या मुलाशी फसवून लग्न केलं होतं. "कच्ची काकडी," ते हळू आवाजात म्हणाले, आणि मग त्यांचा स्फोट झाला. "कच्ची काकडी खमंग! मेल्यांनो, तुमच्यात चूल पेटयतत तरी कशाक? ह्या बायच्या नाकार मी कोंबडी सोडलंय!" मीही ऐकून घेतलं नाही. शब्द काय तुमच्या आजोबांनी विकत घेतलाय का, असं मी विचारलं. समोरच्या वहिनी ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. भांडण एका शब्दावरून चाललंय हे त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. त्यांना वाटलं, काकडी महाग झालीय.

शेवटी मी लोणी आणलं आणि बाबांच्या समोर तूप कढवायला ठेवलं. त्यांना वास येणार नव्हता, पण डोळे तर होते. तळाची बेरी पांढऱ्याची पिवळी आणि पिवळ्याची तांबूस झाली, तेव्हा मी म्हटलं, "आता येतो तो वास मला कपाटापाशी कधी आला, तर तुम्हाला हवा का?" त्यांनी पातेल्यात वाकून पाहिलं. "ह्याच," ते म्हणाले. "आमचो खमंग म्हणजे तुमची बेरी." पुढच्या कोंबडीला मी बेरी म्हटलं तेव्हा मांडीतला आकडा पंचाहत्तर अंशांच्या जरा वर होता. बाबांनी मांडी कापली. रस पांढरा. त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, चव त्यांना फारशी लागत नव्हतीच, पण दातांना कळलं. मला ते शाबास म्हणाले नाहीत. "बेरी," एवढंच परत म्हणाले आणि दुसरी कोंबडी टांगायला घेतली.

त्या वर्षीची आमच्या घरातली गटारी मी विसरणार नाही. श्रावण लागायच्या आधीचा तो शेवटचा सामिष रविवार, आणि सकाळपासून दारात माणसं. बाबांचे हॉटेलातले जुने सोबती पाटकर दर गटारीला यायचे. हॉटेलात असताना बाबांचं नाक पहिल्यांदा ह्या पाटकरांनीच गाजवलं होतं. त्यांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "धुरी, आयुष्यात एवढी बरी केली नव्हतीस. रसाचा थेंब सुकला नाही! काय नाक आहे रे तुझं!"

मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं, निदान पाटकरांना तरी सांगतील. बाबांनी तर्जनी नाकावर टेकवली. "वय झाला," ते म्हणाले, "पण ह्या अजून शाबूत आसा."

लोक निघून गेल्यावर मी भांडी अशी आदळली की एका पातेल्याला पोचा आला. मी म्हटलं, नाक माझं होतं, आकडे माझे होते, डोळ्यांत धूर माझ्या गेलाय. बाबा शांतपणे सळ्या पुसत होते. "खरा हा," ते म्हणाले. पुढे काही नाही. भांडायलाच तयार नाहीत. तेच मला सगळ्यात असह्य होत होतं. वास गेल्यापासून त्यांचा राग कमी व्हायला लागला होता. सिगरेट, शिळी आमटी, शेजारचं करपलेलं दूध, काहीच आत पोचत नव्हतं, मग चिडणार कशावर? घर शांत झालं होतं आणि मला ती शांतता बघवत नव्हती. म्हणून मी एक करायला लागले. वारा फिरला की त्यांच्या खोलीच्या दारात जाऊन सांगायचे, "बाबा, डंपिंगचा वास सुटलाय. कुजलेला कांदा आहे, आणि काहीतरी प्लास्टिकसारखं जळतंय." ते काठी घेऊन ओट्यावर जायचे आणि माझ्या सांगण्यावर शिव्या द्यायचे. कांद्याला एक, प्लास्टिकला एक. मी आत उभी राहून ऐकायचे आणि मला बरं वाटायचं.

असे काही पावसाळे गेले. कपाट चालू राहिलं, शेडमध्ये बाबांनी दुसऱ्या कुणाला पाऊल टाकू दिलं नाही, आणि मी दिलेला शब्द पाळला. प्रसादलाही सांगितलं नाही. शब्द पाळताना चरफडले नाही असा एक दिवस गेला नाही. मग एका सकाळी बाबा चहाचा कप हातात घेऊन बसल्या जागी गेले. छातीत कळ आली असणार, असं डॉक्टर म्हणाले. आधी दुखत होतं का, कुणाला बोलले होते का, असं त्यांनी विचारलं. कुणाला बोलले नव्हते. तो माणूस स्वतःचं काहीही बिघडलं की ते लपवायचा, हे आम्हाला ठाऊक असूनही आम्ही काय केलं, आणि काय करू शकलो असतो, ह्या विचाराने माझा आजही तिळपापड होतो.

दिवसकार्य आटोपल्यावर पाटकर आले. डोळे पुसले आणि म्हणाले, "एकदा कपाट बघू का?" मी नको म्हणेपर्यंत प्रसाद त्यांना मागे घेऊन गेला. मी त्यांच्या मागून गेले. पाटकरांनी दाराचं हँडल हातात धरलं, वरून हात फिरवला, आणि मग त्यांची नजर बाजूला बसवलेल्या कंट्रोलरवर गेली. दोन वायरी कपाटात जाताना त्यांना दिसल्या.

"हे काय?" त्यांनी विचारलं. "धुरीने मशीन बसवलं होतं? म्हणजे आम्ही इतकी वर्षं मशीनचं खात होतो?"

त्यांचा चेहरा असा उतरला की मला तो बघवेना. माझ्या जिभेवर सगळं होतं. ताप, कचऱ्यात ओतलेली परात, धूर मेल्याचा दिवस, तुपाची बेरी. माझ्या हातचं काम माझ्यासमोर होतं, आणि ते उत्तम होतं.

"छे हो," मी म्हटलं. "ते माझं आहे, ऑफिसचं. तपासायला आणून ठेवलंय. बाबांनी त्याला कधी हातसुद्धा लावला नाही. ते सगळं वासावरच करायचे."

पाटकरांना हायसं वाटलं. "तरीच!" ते म्हणाले. "मशीनला काय कळतंय ह्यातलं!"

"मी हिला किती वेळा सांगितलं," प्रसाद म्हणाला, "काढून टाक तो डबा तिथून, बाबांना आवडत नाही."

दोघं बोलत बोलत पुढच्या दाराकडे गेले. मी तिथेच उभी राहिले. माझे कान तापले होते. प्रसादचा राग नव्हता, पाटकरांचाही नव्हता. मी शेडचं दार आतून लावून घेतलं आणि त्या रिकाम्या स्टुलाकडे बघून ओरडले, "झालं ना तुमच्या मनासारखं?"